सतरा सीचा हिशेब

मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात असले तरी लोकसभेच्या वेळी ते जळगावकडे जाते. २०२४ साली बुलढाणा लोकसभा मतदारसंघाचे मतदान २६ एप्रिलला आटोपले. मलकापूरकरांनी मात्र १३ मे रोजी मत दिले, कारण मलकापूर विधानसभा क्षेत्र चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर आणि मुक्ताईनगर यांच्यासोबत रावेर लोकसभा मतदारसंघात मोडते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले आणि पुढच्या वर्षी २ डिसेंबरला नगरपरिषदेसाठी. पहिल्या दोन निवडणुका भारत निवडणूक आयोगाच्या, तिसरी राज्य निवडणूक आयोगाची. कायदे वेगळे, नमुने वेगळे, यंत्राची मांडणीही वेगळी. रांगेतली माणसे मात्र तीच.

या तिन्ही वेळी मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्रावर एक कागद भरला गेला: आज या केंद्रावर किती मते पडली, त्याचा हिशेब. मतदान यंत्राबद्दल आपल्याकडे चावडीपासून संसदेपर्यंत वाद होतात, पण या कागदाबद्दल फार कमी लोक बोलतात. वास्तविक यंत्रातल्या आकड्याला साक्षीदार एवढाच असतो. यंत्र सांगते, माझ्यात इतकी मते आहेत; कागद सांगतो, या दारातून इतकी माणसे आत आली आणि त्यांतल्या इतक्यांनी मत दिले. दोन्ही आकडे जुळले की निकालाला पाया मिळतो. जुळले नाहीत की वाद सुरू होतो, आणि तो कधी कधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो.

लोकसभा-विधानसभेत या कागदाला नमुना १७-सी म्हणतात. निवडणूक कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात तो नुसता ‘सतरा सी’ असतो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपताच केंद्राध्यक्षाने तो भरायचा असतो. याच नियमात पुढे एक फार मोलाची तरतूद आहे. त्या वेळी केंद्रावर हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला केंद्राध्यक्षाने या हिशेबाची खरी प्रत स्वतःच्या सहीने द्यायची आणि त्याची पोच घ्यायची. म्हणजे यंत्र सुरक्षा कक्षाकडे निघण्याआधीच त्यातल्या मतांचा आकडा चार-पाच पक्षांच्या खिशात गेलेला असतो. पुढे कोणाला त्यात ढवळाढवळ करायची झाली तर या सगळ्या खिशांतले कागद बदलावे लागतील.

हिशेब दिसतो तेवढा सरळ नसतो. समजा, एका केंद्रावर मतदार नोंदवहीत, म्हणजे ‘सतरा ए’मध्ये, शेवटचा अनुक्रमांक ७४२ आहे. इतक्या लोकांनी सही केली किंवा अंगठा उठवला. त्यांतल्या दोघांनी सही करून, बोटाला शाई लावून घेतल्यावर सांगितले की आम्हाला मत द्यायचे नाही. तो त्यांचा हक्क आहे. नियम ४९-ओ प्रमाणे नोंदवहीत तसा शेरा मारून पुन्हा त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. एकाने समज देऊनही मतदानाच्या गुप्ततेचा नियम मोडला, म्हणून केंद्राध्यक्षाने त्याला मत देऊ दिले नाही. तो नियम ४९-एम. तेव्हा यंत्रावर ७४२ नव्हे, ७३९ दिसायला हवेत.

दुपारी एक बाई येतात आणि कळते की त्यांच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे. त्यांची ओळख पटली तर त्यांना कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येते. ते मत यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात जाते. त्या बाईंची सही सतरा एमध्ये नव्हे, सतरा बीमध्ये घ्यायची. इथे पुष्कळ घोटाळा होतो. घाईत कर्मचारी त्यांची सही नेहमीच्या नोंदवहीत घेतो आणि संध्याकाळी नोंदवहीत एक माणूस जास्त आणि यंत्रात एक मत कमी भरते.

सगळ्यांत अवघड प्रसंग नियम ४९-एमए चा. मतदार बाहेर येऊन म्हणतो, मी एका चिन्हाचे बटण दाबले आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी दुसऱ्याची दिसली. केंद्राध्यक्षाने त्याच्याकडून लेखी घ्यायचे, खोटे ठरल्यास शिक्षा होते हे त्याला समजावून सांगायचे, नोंदवहीत त्याच्या नावाची दुसरी नोंद करायची आणि सर्वांसमक्ष त्याला एक चाचणी मत द्यायला लावायचे. चिठ्ठी चुकीची निघाली तर मतदान तिथेच थांबते. बरोबर निघाली तर मतदान पुढे चालते, पण ते चाचणी मत यंत्रात राहिलेले असते. आता नोंदवही ७४३ वर, यंत्र ७४० वर आणि मोजायची मते ७३९. चाचणी मत कोणत्या उमेदवाराला पडले हे सतरा सीमध्ये लिहिले तरच मोजणीच्या टेबलावर त्याच्या मतांतून एक वजा होणार. लिहायचे राहिले तर एका उमेदवाराला न पडलेले एक मत कायमचे मिळते.

हा हिशेब करतो कोण? जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि बाई, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकेतले कर्मचारी. त्यांची नेमणूक संगणकाच्या सरमिसळीतून होते आणि कोणते केंद्र वाट्याला आले हे अगदी शेवटी कळते. आदल्या दिवशी साहित्य घेऊन, एस.टी.तून केंद्रावर पोहोचून, रात्र शाळेच्या फरशीवर काढायची. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, घ्यायचे. मग दिवसभर रांग, दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची, वर मे महिन्यातले वऱ्हाडचे ऊन. संध्याकाळी सहा वाजता रांगेत जे उभे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटायच्या आणि त्या सगळ्यांचे मतदान संपले की ‘क्लोज’चे बटण दाबायचे. त्यानंतर लिफाफे: सांविधिक वेगळे, असांविधिक वेगळे, छाननीचे वेगळे. बाहेर गाडीचा चालक हॉर्न वाजवतो आहे, क्षेत्रीय अधिकाऱ्याचा फोन येतो आहे, आणि सतरा सी भरायचा आहे. आडतीवरचा दिवाणजी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करत नाही, पण त्याला ती रोजची सवय असते. केंद्राध्यक्षावर हा हिशेब काही वर्षांतून एखाद-दुसऱ्यांदा येतो, आणि दर वेळी नियमांत काहीतरी बदललेले असते.

त्यामुळे चुका होतात, आणि बहुतेक चुका अगदी साध्या असतात. नोंदवहीत पान उलटताना एक क्रमांक सुटतो किंवा दोनदा पडतो. स्त्री-पुरुषांची बेरीज एकूण संख्येशी जुळत नाही. निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्रावर मत देऊन गेलेला पोलीस मतदार यादीत नसतो, त्याची नोंद विसरली जाते. कंट्रोल युनिटच्या क्रमांकातले दोन अंक मागेपुढे लिहिले जातात. हिरव्या कागदी सीलचा क्रमांक चुकतो. यंत्र मध्येच बंद पडून दुसरा संच आला असेल तर एका केंद्राचा हिशेब दोन यंत्रांत विभागला जातो आणि कागदावर शेवटच्या यंत्राचाच आकडा येतो. कुठे सही राहते, कुठे खाडाखोड होते. यांतल्या एकाही चुकीने मतदाराचे मत हलत नाही. पण मोजणीच्या दिवशी प्रतिनिधीच्या हातातला यंत्राचा क्रमांक आणि टेबलावरच्या यंत्राचा क्रमांक वेगळा निघाला की यंत्र बदलले अशी हाकाटी होते. ती हाकाटी समजण्यासारखी आहे. सामान्य माणसाजवळ पडताळायला तो क्रमांकच असतो.

गंभीर चूक एकच, आणि ती सकाळी होते. अभिरूप मतदानात किमान ५० मते टाकून निकाल दाखवायचा असतो. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणे दाबून यंत्र रिकामे करायचे, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या मागे शिक्का मारायचा आणि त्या काळ्या पाकिटात सील करायच्या. यातले ‘क्लिअर’ राहून गेले तर सकाळची मते खऱ्या मतांत मिसळतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत केरळमध्ये एर्नाकुलम मतदारसंघातल्या कळमश्शेरी भागात ८३ क्रमांकाच्या केंद्रावर यंत्रात नोंदीपेक्षा ४३ मते जास्त निघाली आणि ३० एप्रिलला तिथे फेरमतदान घ्यावे लागले. एका बटणासाठी साऱ्या मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले.

सतरा सीच्या नमुन्यातली एक ओळ फार विचार करून लिहिलेली आहे. यंत्रातली एकूण मते नोंदवहीशी जुळतात का, की काही तफावत आढळली, असा प्रश्न त्यात सरळ विचारलेला आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते की तफावत निघू शकते. ती निघाली तर लिहा, एवढीच अपेक्षा आहे. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीतही अशा घटनांसाठी जागा असते. पण प्रत्यक्षात या ओळीपुढे जवळजवळ डोळे मिटून ‘जुळते’ लिहिण्याचा मोह होतो. त्याचे कारण भीती आहे. तफावत लिहिली तर साहित्य स्वीकारणाऱ्या टेबलावर थांबवतील, नोटीस येईल, निलंबन होईल. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. कर्मचाऱ्याला त्या दंडाचे भय नसते, सेवापुस्तकातल्या शेऱ्याचे असते. माझे मत स्पष्ट आहे. जाणूनबुजून केलेल्या गैरप्रकाराला कडक शिक्षा हवीच, पण ज्याने स्वतःची चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली त्याला शिक्षा करणे म्हणजे पुढच्या दहा जणांना चूक लपवायला शिकवणे. प्रशिक्षणात बटणे कोणत्या क्रमाने दाबायची ते शिकवतात. तफावत कशी लिहायची हे त्याहून जास्त वेळ देऊन शिकवायला हवे.

कारण लिहिलेल्या तफावतीवर उपाय आहे. ज्या यंत्रातली एकूण मते सतरा सीशी जुळत नाहीत, किंवा ज्यातली अभिरूप मते पुसलेली नाहीत, ते यंत्र मोजणीच्या वेळी बाजूला ठेवतात. बाकी सगळी मोजणी होते. विजयी उमेदवाराची आघाडी अशा बाजूला ठेवलेल्या यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा मोठी असेल तर ती यंत्रे निकाल बदलू शकत नाहीत. आघाडी त्याहून कमी असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. मलकापुरात हा प्रश्न सहसा येणार नाही: २०१९ साली काँग्रेसचे राजेश एकडे तिथे सुमारे १४ हजारांच्या फरकाने निवडून आले आणि २०२४ साली भाजपचे चैनसुख संचेती २६ हजारांहून अधिक मतांनी. पण त्याच जिल्ह्यात, त्याच दिवशी, शेजारच्या बुलढाणा मतदारसंघात शिवसेनेचे संजय गायकवाड उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या जयश्री शेळके यांच्याविरुद्ध अवघ्या ८४१ मतांनी जिंकले. गावातल्या एका भरल्या केंद्रावर साधारण इतकीच मते पडतात. अशा लढतीत बाजूला ठेवलेले एखादे यंत्रही आमदार ठरवू शकते. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी. इतक्या कमी फरकांच्या राज्यात सतरा सीकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

मोजणीच्या टेबलावर सतरा सीचा दुसरा भाग भरला जातो: या केंद्रावर कोणाला किती मते. मोजणी पर्यवेक्षक तो भरतो, हजर असलेले मोजणी प्रतिनिधी सही करतात, आणि सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र करून नमुना २० तयार होतो. इथली चूक पहिल्या भागातल्या चुकीपेक्षा जास्त घातक असते, कारण इथे नाव आणि आकडा यांची गाठ पडते. हरियाणातल्या एका गावाने ते देशाला दाखवून दिले.

पानिपत जिल्ह्यातले बुआना लाखू हे ते गाव. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे सरपंचपदाची निवडणूक झाली. हरियाणात पंचायतीची मते केंद्रावरच मोजतात. ६९ क्रमांकाच्या केंद्रावर केंद्राध्यक्षाच्या हातून दोन उमेदवारांची मते एकमेकांच्या नावापुढे लिहिली गेली, असा आक्षेप होता. कुलदीप सिंह यांच्या बाजूने निकाल राहिला आणि मोहित कुमार न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये पानिपतच्या निवडणूक न्यायाधिकरणाने त्या केंद्राची फेरमोजणी करायला सांगितले. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि न्यायालयाने एका केंद्राचीच नव्हे, ६५ ते ७० या सर्व केंद्रांची यंत्रे दिल्लीला आपल्या आवारात मागवली. निबंधकाच्या देखरेखीखाली, चित्रीकरण करत मते पुन्हा मोजली. मोहित कुमार १,०५१, कुलदीप सिंह १,०००. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने मोहित कुमार यांना निवडून आलेले सरपंच ठरवण्याचा आदेश दिला.

यंत्राने पहिल्याच दिवशी खरे सांगितले होते. चुकले ते त्यावरून कागदावर उतरवताना. आणि ते दुरुस्त व्हायला पावणेतीन वर्षे लागली, पाच वर्षांच्या मुदतीतली निम्म्याहून जास्त. त्या काळात गावाने ज्याला निवडले होते तो माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता आणि गावचे ठराव दुसऱ्याच्या सहीने होत होते. दोन आकड्यांची अदलाबदल लिहिताना अर्धा मिनिटही लागत नाही. त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रतिनिधींपैकी एकाने जरी आपल्या वहीतला आकडा केंद्राध्यक्षाच्या आकड्याशी ताडून पाहिला असता, तर हे प्रकरण त्याच संध्याकाळी मिटले असते.

फेरमोजणीबाबत कायदा कठोर आहे आणि तो तसा असण्यामागे कारणे आहेत. विधानसभा-लोकसभेत मोजणी संपल्यावर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने एकूण आकडे जाहीर केले की, नमुना २० वर सही होण्याआधी उमेदवाराने कारणांसह लेखी फेरमोजणी मागायची असते. ती खिडकी फार छोटी असते. निकाल जाहीर झाला की पुढचा मार्ग निवडणूक याचिकेचा. तिथे १९६४ सालच्या रामसेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किदवई या खटल्यापासून न्यायालये सांगत आली आहेत की मोघम संशयावर मतपेट्या उघडल्या जाणार नाहीत. नेमके काय चुकले आणि कुठे, ते याचिकेत मांडा. शिवाय नियमभंग झाला हे दाखवून भागत नाही, त्यामुळे निकाल बदलला असता हेही दाखवावे लागते.

राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मताने पडले, ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. त्यांच्या याचिकेत प्रदत्त मतांचा मुद्दा होता, वर सांगितलेल्या त्या कागदी मतांचा. एरवी ही मते मोजलीच जात नाहीत, लिफाफ्यात पडून राहतात. पण फरक एका मताचा असला की त्यांना किंमत येते. तरीही २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की याचिकेत ज्या मतांचा उल्लेख नाही त्यांच्याकडे न्यायालयाला वळता येणार नाही. मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ साली रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले; त्यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते. यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांनी पारडे फिरले. कीर्तिकरांची याचिका त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. दोन्ही प्रकरणांत उमेदवाराच्या बाजूने सगळी भिस्त होती ती केंद्राकेंद्रावर त्या दिवशी काय टिपून ठेवले होते यावर. नंतर आठवून सांगितलेल्या गोष्टी न्यायालयात टिकत नाहीत.

टपाली मतांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. टपाली मत देणाऱ्यांत निवडणूक कर्मचारी मोठ्या संख्येने असतात. जे गुरुजी दुसऱ्यांच्या मतांचा हिशेब ठेवतात त्यांचे स्वतःचे मत कागदावर असते. मोठ्या पाकिटात दोन वस्तू: नमुना १३-ए चे घोषणापत्र आणि १३-बी चा बंद लिफाफा, ज्यात मतपत्रिका. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र पाहतात. ते नसेल, त्यावर सही नसेल, साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. आत कोणाला मत दिले होते हे कोणालाच कळत नाही. अलीकडे कर्मचाऱ्यांनी सुविधा केंद्रावरच मत द्यायचे असा नियम झाला आहे. त्यामुळे साक्षांकनाची सोय तिथेच असते. तरी क्रमांक ताडून पाहणे त्या मतदाराच्याच हातात राहते, आणि प्रत्येक शिक्षकाने ते करावे.

निकालाचे तक्ते वाचणाऱ्यानेही काळजी घ्यायला हवी. २०२४ च्या विधानसभेनंतर महाराष्ट्रात पडलेल्या मतांपेक्षा पाच लाखांहून जास्त मते मोजली गेली, अशी बातमी देशभर फिरली. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने खुलासा केला: मतदानाचा ६,४०,८८,१९५ हा आकडा फक्त यंत्रांवरचा होता, त्यात ५,३८,२२५ वैध टपाली मते धरलेली नव्हती. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी गुन्हा केला नाही. प्रश्न विचारलाच पाहिजे. पण पहिला तक्ता कशाचा आणि दुसरा कशाचा, हे आधी पाहिले पाहिजे. नगरपरिषदांचे निकाल वाचताना तर गावाच्या नावापुढे जिल्हा आहे का हेही पाहावे लागते: मलकापूर नावाच्या नगरपरिषदा आपल्या राज्यात तीन आहेत, एक बुलढाण्यात, एक साताऱ्यात कऱ्हाडजवळ आणि एक कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात.

आता स्थानिक निवडणुकांकडे येऊ, कारण मलकापूरसारख्या गावात माणसांचे रोजचे जगणे त्यांच्यावर अवलंबून असते. नळाला पाणी कधी येणार आणि गटार कधी उपसणार हे आमदारापेक्षा नगरसेवक ठरवतो. या निवडणुकांत फरक शंभराच्या आत असणे नवलाचे नाही, आणि नेमके इथेच कागदाला आधार कमी आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरत नाहीत. एका मतदाराला नगराध्यक्ष आणि प्रभागातले सदस्य अशी अनेक मते द्यायची असतात, त्या रचनेला साजेसे यंत्र नाही असे आयोगाचे म्हणणे आहे. म्हणजे तफावत निघाली तर मोजायला चिठ्ठ्या नाहीत. उरतात फक्त यंत्र, नोंदवही आणि केंद्राध्यक्षाचा हिशेब. त्यातही प्रत्येक पदाची बेरीज वेगळी लावावी लागते, त्यामुळे चुकीला जागा जास्त. ज्या निवडणुकीत कागद सगळ्यांत काटेकोर हवा तिथेच त्याच्याकडे सगळ्यांत कमी डोळे लागलेले असतात, याची मला खरोखर चिंता वाटते.

कागदपत्रांतली चूक मतदानाच्या दिवशीच होते असेही नाही. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत अनेक ठिकाणी उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल न्यायालयातून उशिरा लागले. त्यानंतर उमेदवाराला अर्ज मागे घेण्यासाठी नियमाप्रमाणे मुदत द्यायला हवी होती. ती न देताच काही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी चिन्हे वाटली. आयोगाला त्या निवडणुका पुढे ढकलून २० डिसेंबरला घ्याव्या लागल्या. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा त्यात सापडले. एका ठिकाणच्या निकालाचा परिणाम दुसरीकडच्या मतदारांवर होऊ नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचीच मोजणी २१ डिसेंबरला ठेवली. ज्यांनी २ डिसेंबरला मत दिले होते त्यांच्या गावांतली यंत्रे १९ दिवस सुरक्षा कक्षात पडून राहिली, बाहेर कार्यकर्ते पहारे देत बसले. अशा वेळी २ डिसेंबरच्या संध्याकाळी लिहून घेतलेला आकडा ज्याच्याजवळ होता, तो निश्चिंत झोपू शकत होता.

मलकापूर, नांदुरा, मोताळा या भागातल्या तरुणांना म्हणूनच सांगणे आहे. तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा किंवा अपक्ष उमेदवाराचे मित्र असा, पुढच्या निवडणुकीत मतदान प्रतिनिधी म्हणून बसा. सकाळी अभिरूप मतदानाला वेळेवर पोहोचा आणि यंत्र रिकामे केल्यावर शून्य दिसल्याशिवाय प्रमाणपत्रावर सही करू नका. यंत्राचे आणि सीलचे क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घ्या. संध्याकाळी जेवायच्या ओढीने निघून जाऊ नका. हिशेबाची प्रत फक्त मतदान संपताना हजर असलेल्यालाच मिळते. केंद्राध्यक्ष तफावत लिहीत असेल तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला लिहू द्या. मोजणीला ती प्रत घेऊन जा, टेबलावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहा, आणि निकालानंतर संकेतस्थळावर केंद्रनिहाय नमुना २० आला की पुन्हा एकदा पाहा. काही चुकले असेल तर दिवस मोजायला लागा: नगरपरिषदेची निवडणूक याचिका निवडून आलेल्यांची नावे प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात, ग्रामपंचायतीची निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात आणि विधानसभा-लोकसभेची ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते.